त्रयस्थाची हरकत

एक

फाईल टेबलावर होती, तिच्या लेसची गाठ जशीच्या तशी होती, आणि ज्या एका पानासाठी एवढा आटापिटा चालला होता ते पान तेवढं नव्हतं.

सुनीतीबाई मेश्राम यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा पाहिलं. रायपूरच्या सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवता झिजवता त्यांचे केस पांढरे झाले होते. माहितीच्या अधिकारातले अर्ज आणि अपिलं यांवरच त्यांची वकिली चालायची. फायलींना वाळवी लागते, फायली बदली झालेल्या बाबूबरोबर परागंदा होतात, एखादी चहाच्या टपरीवर भज्यांखाली सापडते, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. पण सकाळी होतं आणि दुपारी नाही असं पान त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

शेजारच्या खुर्चीत माया रामटेके पोटावर हात ठेवून बसली होती. पहिलंच बाळंतपण, म्हणून रीतीप्रमाणे माहेरी, खमतराईला वडिलांकडे आलेली. तिच्या दंडावर एक जुना बधिर डाग होता. लहानपणी यावर काय औषध घेतलं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मायाला धड काही सांगता येईना. आत्याचं बोट धरून ती शहराबाहेरच्या एका मोठ्या आवारात जायची. तिथल्या गोळ्यांनी अंग काळपट पडायचं, शाळेतली पोरं 'करिया' म्हणून चिडवायची, आणि गोळी गिळली की कोणीतरी कागदाच्या तुकड्यावर गुळाचा खडा ठेवायचं. एवढंच तिला आठवत होतं. ते आवार कुष्ठरोगाच्या सरकारी दवाखान्याचं होतं हे तिला मोठेपणी कळलं. रोग कधीच बरा झाला होता, भिण्यासारखं काही नव्हतं. पण स्वतःच्या अंगाची कागदपत्रं स्वतःजवळ असावीत, म्हणून तिने अर्ज केला.

दवाखान्याने सगळी पानं दिली, एक सोडून. त्या पानावर 'लागण कोणापासून' याची नोंद होती. पोराला रोग झाला की घरातल्या कोणाकडून आला ते शोधायचं आणि लिहून ठेवायचं, ही दवाखान्याची जुनी पद्धत. ती त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती आहे, त्या व्यक्तीला नोटीस देऊन विचारलं, तिने लेखी हरकत घेतली, सबब पान देता येत नाही, असं उत्तर आलं. हल्ली खासगीपणाच्या नव्या कायद्याने हे कुंपण आणखीच उंच केलं होतं. तरी सुनीतीबाईंनी अपील लढवलं आणि अर्धी बाजी मारली. नाव झाकून बाकीचं पान अर्जदाराला दाखवावं, असा हुकूम झाला. आजचा दिवस त्याचा होता.

लेसमध्ये पानाचा एक फाटका कोपरा तेवढा अडकून राहिला होता. बाकीचं पान कोणीतरी ओरबाडून नेलं होतं.

मायाने मान वळवून दाराबाहेर पाहिलं. व्हरांड्यातल्या बाकावर तिचे वडील मारोतीभाऊ बसले होते. मी आपला पुढे होतो, असं म्हणून ते सकाळीच घरून निघाले होते, आणि या दोघी आल्या तेव्हा आधीपासून इथे बसलेले होते.

दोन

दवाखान्याच्या रेकॉर्डचे बाबू भैय्यालाल यांना घाम फुटला होता. नोकरीची शेवटची वर्षं, त्यात हे. त्यांनी शपथेवर सांगितलं की सकाळी पान जागेवर होतं. नावावर चिठ्ठी त्यांनी स्वतः चिकटवली, लेस बांधली, फाईल टेबलावर ठेवली आणि ते चहाला गेले. खोली उघडीच होती. ती दिवसा कधी बंद नसतेच.

मधल्या वेळात इथे कोण आलं, असं सुनीतीबाईंनी विचारलं.

"कोनो नइ आइस, मॅडम," भैय्यालाल म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "बस, दीदी के बाबूजी बइठे रिहिन."

मायाचा चेहरा उतरला. तिला घेरी आल्यासारखं झालं, तशी सुनीतीबाईंनी पाणी मागितलं. आवारात झाडलोट करणारी एक म्हातारी, जिला सगळे नुसतंच मौसी म्हणत होते, ती डोक्यावरून पदर पुढे ओढून आली. दोन्ही हात पदराखाली होते. तिने पाणी आणून दिलं नाही. कोपऱ्यातल्या माठाकडे मानेने खूण केली आणि म्हणाली, "लोट्यानं घे बेटी, आपल्या हातानं." माया उठून पाणी प्यायली. म्हातारी तिच्याकडे बघत उभी होती.

"रंग उजळला पोरीचा," ती म्हणाली आणि झाडू काखेत मारून निघून गेली.

पोटुशी बाई दिसली की तिच्या रंगावरून मुलगा की मुलगी याचे होरे बांधायचा बायकांचा छंद जुनाच आहे. माया कसंनुसं हसली, आणि सुनीतीबाईंनीही तिकडे लक्ष दिलं नाही. पुढे या दुर्लक्षाचा त्यांना फार राग आला.

परतताना मारोतीभाऊ आपल्या मोपेडवर पुढे गेले.  ऑटोत मायाने हिशेब मांडला. आजोबा तिच्या जन्माआधीच गेलेले. ती अगदी लहान असताना घरात मोठी माणसं चार. आजी, आई, बाबा आणि सुशीलाआत्या. आजी वारली. आई त्याच्याही आधी, माया बालवाडीत असतानाच गेली. हरकत घ्यायला माणूस जिवंत लागतो. मग उरले दोघं.

"आत्या तं घरीच होती आज," माया म्हणाली. "म्हणजे बाबाच ना, मॅडम? त्याईलेच तो रोग होता आन् त्याईनंच पान फाडलं. मले रोगाचं दुःख नाई. खोटं काहून बोलले माह्याशी? खरं सांगतलं नाई तं मी इथं बाळंत होत नाई. सासरी निघून जातो, आन् मंग या घराचं तोंड पाहत नाई."

ती हे रागाने बोलली असती तर सुनीतीबाईंनी मनावर घेतलं नसतं. पण माया शांतपणे बोलत होती, आणि आई नसलेल्या पोरीला बाप आणि आत्या सोडून माहेरचं कोणी नव्हतं.

तीन

खमतराईचं घर दोन खोल्यांचं, पण चकचकीत. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो. जय भीम झाला, चहा झाला, आणि सुशीलाआत्यांनी स्वतःहून तोंड उघडलं. लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन भावाकडे आलेली ही बाई. मायाला तिनेच वाढवलं होतं.

मला कोणतीही नोटीस आली नाही, असं आत्यांनी ठणकावून सांगितलं. पोस्टमन या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्यांना नावाने ओळखतो, घरी मी दिवसभर असते, कागद आला असता तर माझ्याच हातात पडला असता. त्यांनी बाह्या वर करून हातही दाखवले. ना डाग, ना बधिरपणा. भावाला तरी नोटीस आली का, असं विचारल्यावर म्हणाल्या, त्यालाही नाही. एवढं बोलून त्या एकदम उठल्या आणि ओट्यावरचा घासलेला डबा पुन्हा घासायला लागल्या.

हा डबा कोणाचा, असं सुनीतीबाईंनी सहज विचारलं. आत्यांना विषय बदलायला निमित्तच हवं होतं. त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. मारोतीभाऊ सिलतऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी दर रविवारी जुन्या सोबत्यांना भेटायला म्हणून डबा भरून घेऊन जातात. नोकरी होती तेव्हाही जायचे, तेव्हा ओव्हरटाईम म्हणायचे. आणि डबा येतो तो लख्ख घासून, पण रिकामा.

"आपल्यात रिकामा डबा कोणी परत करते का? चिमूटभर साखर तरी टाकते माणूस," आत्या म्हणाल्या. मग जीभ चावावी तशा गप्प झाल्या.

सुनीतीबाई भिंतीकडे बघत होत्या. आजोबांच्या फोटोला चंदनाचा हार होता, आजीच्या फोटोलाही. तिसरा फोटो एका तरुण बाईचा. रुंद कपाळ, हसू दाबून धरलेलं. मायाची आई पंचफुला, हे कोणी सांगायची गरज नव्हती, कारण माया हुबेहूब तशीच होती. काच रोज पुसलेली, चौकट नवी. हार मात्र नव्हता.

त्यांनी पंचफुलाबाईंच्या जाण्याबद्दल विचारलं. आत्या म्हणाल्या, ती गोंदियाकडे माहेरी होती, तिथेच ताप आला आणि गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही तिकडेच झाला. लेकरू लहान, म्हणून तिला नेलं नाही. सांगताना त्यांची नजर डब्यावरच खिळलेली होती.

मागच्या अंगणात मोपेड लावल्याचा आवाज आला आणि माया उठून दारात उभी राहिली.

चार

मारोतीभाऊ आत आले, खाटेवर टेकले. कारखान्यातला फिटर, हात अजून तसेच मजबूत. मायाने ऑटोत जे सांगितलं होतं तेच त्यांच्यासमोर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण लेकीकडे पाहिलं नाही. पाहिलं ते सुनीतीबाईंच्या गळ्यातल्या चष्म्याच्या दोरीकडे. तिला कित्येक महिन्यांच्या गाठी बसल्या होत्या.

"द्या इकडं," ते म्हणाले. बोलायचं टाळणाऱ्या माणसाला हातांना काम लागतं.

सुनीतीबाईंनी दोरी दिली. त्यांनी ती न बघताच बोटांत फिरवली. ज्या गाठींशी सुनीतीबाई दात आणि सुई घेऊन झटल्या होत्या, त्या एकेक करून सुटत गेल्या.

"मी पान नाई नेलं," मारोतीभाऊ म्हणाले. "मले रोग नाई होता. याच्या पुढं मले काही विचारू नको, माया. जायचं असंन तं जाय. मी अडवत नाई."

त्यांनी दोरी परत केली आणि ते अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मायाने ते पाहिलं आणि ती दुसऱ्या खोलीत कपड्यांची पिशवी भरायला गेली. आत्या तिच्या मागे मागे रडत फिरत होत्या.

सुनीतीबाईंनी मायाला रविवारपर्यंत थांबायला सांगितलं. तोवर मी तुला खरं काय ते सांगते, असा शब्द त्यांनी दिला. शब्द देताना आपल्याला काय सापडणार आहे याची त्यांना कल्पना असती, तर त्यांनी तो दिला नसता.

पाच

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा निवला तरी सुनीतीबाई ती दोरीच बघत बसल्या होत्या.

फाईलची गाठ साधी होती. ती ज्याला सुटते तो गाठ सोडतो, पान काढतो, पुन्हा बांधतो, आणि महिनाभर कोणाला पत्ता लागत नाही. भैय्यालाल दिवसभर तेच करतात. मारोतीभाऊंनी तर ती डोळे मिटून सोडली असती, आणि चहाला गेलेला बाबू परत यायला भरपूर वेळ होता. तरी पान ओरबाडलेलं होतं. म्हणजे पान नेणाऱ्याला घाई नव्हती. त्याला गाठ सोडता येत नव्हती.

त्यांनी दवाखान्याची उत्तरं पुन्हा काढली. त्रयस्थाला नोटीस दिल्याची तारीख आणि त्रयस्थाची हरकत आल्याची तारीख एकच होती. आपल्या पोस्टाला कोणी नावं ठेवो वा न ठेवो, नोटीस जाऊन उत्तर त्याच दिवशी परत येत नाही. म्हणजे तो कागद आवाराबाहेर गेलाच नव्हता. त्रयस्थ तिथेच राहत होता, भैय्यालालच्या हाकेच्या अंतरावर.

कोनो नइ आइस, असं भैय्यालाल म्हणाले होते आणि ते खोटं नव्हतं. जी माणसं रोजचीच असतात, ती आली असं कोणी म्हणत नाही. दोन्ही हात पदराखाली. पाणी आपल्या हातानं घे. आणि रंग उजळला. सुनीतीबाईंना आता त्या वाक्याचा अर्थ लागला. त्या गोळ्यांनी अंग काळं पडतं, औषध थांबलं की वर्षभराने रंग परत येतो. काळी पडलेली पोर ज्याने पाहिली होती, तोच असं म्हणणार.

मायाच्या हिशेबात चार माणसं होती. दोन मेलेली, दोन जिवंत. हिशेब बरोबर होता, फक्त एक माणूस चुकीच्या बाजूला धरलं होतं. मारोतीभाऊंनी गावाला सांगितलं, लेकीला सांगितलं, तोंडाने सगळं खोटं निभावून नेलं. पण जिवंत बायकोच्या फोटोला हार घालायला त्यांचा हात धजला नाही. आपल्या घरांमध्ये तो हार पाहिला की पाहुणाही आवाज खाली आणतो, हे सुनीतीबाईंना लहानपणापासून ठाऊक होतं. तरी बघून चालत्या झाल्या होत्या.

त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या. आवाराच्या मागे जुन्या, बऱ्या झालेल्या रोग्यांच्या खोल्यांची रांग होती. शेवटच्या खोलीपुढे मौसी मोगऱ्याला पाणी घालत होती, तांब्या दोन्ही मनगटांत धरून. बोटं होती, पण कधीची आत वळून थिजलेली.

"पंचफुलाबाई," सुनीतीबाईंनी हाक मारली.

म्हातारीने तांब्या खाली ठेवला. फारशी म्हातारी नव्हतीच ती. साठीही उलटली नसावी. या नावाने आपल्याला एकच माणूस हाक मारतो, तोही फक्त रविवारी, असं ती म्हणाली आणि तिने दार उघडून दिलं.

मग तिने सांगितलं. बोटं वळायला लागली तेव्हा सासूने भांडी वेगळी केली, पाऱ्यातल्या बायकांनी नळावर येऊ नको म्हटलं. इथे उपचार होता, राहायला खोली होती. नवरा सोडून द्यायला तयार नव्हता. तिनेच त्याला गळ घातली, की मी मेले असं सांग. रोगी आईच्या पोरीला कोण करून घेणार, मेलेल्या आईची पोर तरी सुखाने नांदेल. नंतर पोरीच्याच दंडावर डाग निघाला आणि आत्या तिला इथे घेऊन यायला लागली. गोळी डॉक्टर द्यायचे. गुळाचा खडा पंचफुलाबाई पडद्याआडून कागदावर ठेवायच्या. पोरीला हात लावायचा नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

"पण तुम्ही बऱ्या झाल्या," सुनीतीबाई म्हणाल्या. "कधीच्याच. घरी काहून नाही गेल्या?"

"जातो म्हणून दोनदा पेटीतलं लुगडं काढलं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पण मेलेल्या माणसाले घरी जायची लाज वाटते, बाई. पोरगी शाळेत पहिली येऊन राहिली होती. मंग तिचं लग्न ठरलं. दरखेपेले वाटे, आता जाऊन तिचं कायले नासवू."

पान दाखवणार असल्याचं त्यांना मारोतीभाऊंनीच त्या सकाळी येऊन सांगितलं होतं. नाव झाकलं तरी आई हा शब्द आणि इथली खोली त्या पानावर उघडी राहणार होती. भैय्यालाल चहाला गेले तेव्हा झाडायच्या निमित्ताने आत जाऊन त्यांनी पान दोन तळव्यांत धरलं आणि ओढलं.

जाळलं का, असं सुनीतीबाईंनी विचारलं. पंचफुलाबाई उठल्या, पत्र्याच्या पेटीतल्या लुगड्याखालून पान काढून त्यांनी पुढे केलं. एक कोपरा फाटलेलं, नावावर भैय्यालालची चिठ्ठी.

"चुलीपाशी नेलं होतं. नाई जाळता आलं. मले वाचता येत नाई, पण बाबू म्हणे, त्याच्यावर आम्हा दोघीचं नाव एकाजागी लिहून आहे. असा दुसरा कागद कुठं आहे माह्याजवळ?"

सुनीतीबाईंनी चिठ्ठी सोडवली आणि मोठ्याने वाचलं. रुग्ण, माया मारोती रामटेके. लागण, आई, पंचफुला मारोती रामटेके. पंचफुलाबाईंनी पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी पुन्हा वाचलं. इतकी वर्षं लोकांना कागद मिळवून देताना, माहिती मिळाली की माणूस मोकळा होतो, असं सुनीतीबाई छातीठोकपणे सांगत आल्या होत्या. त्या खोलीत त्यांना ते वाक्य आठवलंसुद्धा नाही. त्या नुसत्या रडल्या.

मग त्यांनी कायदा सांगितला, कारण तेवढंच त्यांना येत होतं. पान फाईलमध्ये परत गेलं पाहिजे, नाहीतर भैय्यालालची नोकरी जाईल. पण तुमची हरकत कायम राहील. तुम्ही नाही म्हणता तोवर मी तुमचं नाव मायाला सांगणार नाही.

"पोटुशी आहे ते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "सासरी कळलं तं? माहं नाईच लिहा, बाई."

सुनीतीबाईंनी पान पिशवीत ठेवलं. दारातून निघताना त्यांनी वळून पाहिलं, तर पंचफुलाबाई रिकाम्या पेटीत लुगडं पुन्हा घडी घालून ठेवत होत्या.

सहा

रविवारी सकाळी सुनीतीबाई खमतराईला गेल्या. मारोतीभाऊ डब्याची वाट बघत अंगणात बसले होते. कपड्यांची पिशवी मायाच्या पायाशी तयार होती.

सुनीतीबाईंनी सांगता येत होतं तेवढं सांगितलं. पान सापडलं, फाईलमध्ये परत गेलं. तुझ्या वडिलांना रोग नव्हता आणि पान त्यांनी नेलं नाही. आत्यांनीही नाही. ज्यांचं नाव त्यावर होतं त्यांनीच ते नेलं होतं, आणि त्यांची हरकत कायम आहे. आता अपील मागे घ्यावं, असा माझा सल्ला आहे.

माया हुशार होती, शाळेत उगाच पहिली येत नव्हती. बाबा नाही, आत्या नाही, हे तिने मनात मांडलं असणार. ती बराच वेळ भिंतीकडे बघत होती. आजीच्या हाराकडे, मग शेजारच्या मोकळ्या चौकटीकडे.

"मॅडम," ती म्हणाली, "मेलेल्या माणसाले नोटीस जाते का?"

सुनीतीबाईंनी पिशवीतून अपील मागे घेण्याचा अर्ज काढला. नाव सांगणार नाही, असा शब्द त्यांनी पंचफुलाबाईंना दिला होता. आत्यांच्या हातातली पोळी तव्यावर करपली, तरी त्यांनी ती उलटली नाही.

 माया उठली, तिने आत्यांना बाजूला केलं आणि डबा स्वतः भरला. भात, वरण, वांग्याची भाजी, वर आंब्याच्या लोणच्याची फोड. भरण्याआधी भाजी थोडी मऊ शिजू दे, असं तिने आत्यांना सांगितलं होतं. झाकण लावताना तिचा हात थांबला; पदराखाली लपवलेले मौसीचे दोन हात तिला आठवले असावेत. मग तिने झाकण घट्ट न दाबता नुसतं टेकवलं आणि डबा फडक्यात ठेवून फडक्याची गाठ मारली नाही.

"गाठ मारू नका, बाबा," ती अंगणात जाऊन म्हणाली. "तशीच न्या. सांभाळून."

मारोतीभाऊंनी डबा घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. निघताना मोपेड दोनदा बंद पडली.

ते येईपर्यंत सुनीतीबाई थांबल्या. अपील मागे घेण्याच्या अर्जावर मायाची सही घ्यायची होती, हे कारण होतं. सही तर सकाळीच झाली होती. दुपारी कोणी जेवलं नाही.

उन्हं कलताना मारोतीभाऊ आले. डबा नेहमीसारखा घासलेला होता. त्यांनी तो नेहमीप्रमाणे ओट्यावर ठेवला नाही, मायाच्या हातात दिला. तिने झाकण उचललं. आत कागदाच्या तुकड्यावर गुळाचा एक खडा होता.

"येऊ नको म्हणते," मारोतीभाऊ म्हणाले.  "पोरीचं सगळं नीट होऊ दे, मंग पाहू म्हणते. मी लय सांगतलं. हे तेवढं दे म्हणाली."

माया खाली बसली. तिने खडा उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. गाल ओले होत होते आणि ती गूळ चघळत होती, सावकाश, संपू नये म्हणून. सुशीलाआत्या दारात उभ्या होत्या. डबा आज रिकामा आला नव्हता.

मग माया उठली. कपड्यांची पिशवी तिने आत नेऊन रिकामी केली. गुळाचा कागद घडी करून फोटोच्या चौकटीमागे ठेवला, डबा विसळला, आणि पुढच्या रविवारसाठी फळीवर पालथा घातला.